त्यांचा ज्येष्ठ, आमचा वैशाख

उज्जैनला माधव नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी ती बी.कॉम.ची मुलगी दर वाक्याला "ठीक आहे ना, काका?" विचारते आणि उत्तराला थांबत नाही. यंदा तिने गच्चीवरच्या खोलीत लग्नपत्रिका छापायला घेतल्या. तिचे वडील बँकेत. त्यांनी बजावलं, "पेपरवाले म्हणतात बाजार खुला झाला. एक सीझन बघ, नाहीतर मुकाट्याने बँकेच्या परीक्षेला बस." तेव्हापासून ती शाईच्या बोटांची नखं खाते.

परवा एका हिंदी घरच्या छापून झालेल्या पत्रिकांचा गठ्ठा दाखवायला आली. "त्यांनी चुकून ज्येष्ठ लिहिलं होतं. मी आपलं कॅलेंडर बघून वैशाख केलं. ठीक आहे ना?" म्हणता म्हणता तिची नजर माझ्या भिंतीवर गेली. तिथे किराणावाल्याने दिलेलं हिंदी कॅलेंडर होतं. लग्न वद्य पक्षातलं, आणि वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्याहून एक पुढे असतो. उज्जैनच्या मराठी माणसाला हे ठाऊक असतं, फक्त ऐन वेळी आठवत नाही.

ती पांढरीफटक पडली.

"अगं, तारीख तर बरोबर आहे. तिथी कोण बघतंय!" मी म्हणेपर्यंत ती गठ्ठा घेऊन सायकलवर निघालीसुद्धा. मी फाटकाशी येरझारा घालत राहिलो. संपला हिचा सीझन, असंच वाटत होतं.

ती परतली, गठ्ठ्यासकट.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चलेगा बेटा."

"मग परत का आणल्यास?"

"चलेगा म्हणणारे दुसऱ्यांदा येत नाहीत, काका. ज्येष्ठ घालून पुन्हा छापते."

आवाज कापत होता. पण जिना चढताना, ठीक आहे ना, हे तिने विचारलं नाही.