“काय दिखनं, भाऊ?”

जळगावातल्या एका दवाखान्यात मी सीटी स्कॅनचं मशीन चालवतो. पेशंटच्या आत काय झालंय ते पुष्कळदा सगळ्यांत आधी मला दिसतं, पण ते डॉक्टरांनीच सांगायचं असा नियम आहे. नियम बरोबरच आहे. तरी चोपड्याकडच्या एका आजींच्या वेळी तो मला फार जड गेला.

दुपारी आल्या. मुलाच्या मोटरसायकलवरून मागच्या मागे पडल्या होत्या, डोक्याला मार होता. पण शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. मुलगा खाली केसपेपरच्या रांगेत होता, आजींसोबत सून होती.

मशीन पाहून आजी घाबरल्या. “माले आत नका टाकू, भाऊ,” म्हणत डोकं हलवू लागल्या. डोकं हललं की फोटो खराब येतो. मी सुनेला म्हणालो, “तुम्हाला शिशाचा एप्रन देतो, आत थांबून त्यांचा हात धरा.” आणि नेहमीप्रमाणे विचारलं, दिवस गेलेत का? तिनं सासूकडे पाहिलं, मला दाराबाहेर बोलावलं आणि हळूच म्हणाली, “दुसरा महिना आहे. घरात अजून कोणाला सांगितलं नाही.”

मग तिला आत ठेवणं शक्यच नव्हतं. जोडीच्या टेक्निशियनला बटणावर बसवून मीच एप्रन घातला आणि आजींचा हात धरला. “आता पलंग सरकेल. आता घरघर होईल, घाबरू नका.” त्यांनी डोळे घट्ट मिटले. हात खरखरीत, पण पकड अशी की माझी बोटं दुखली. मात्र डोकं जराही हललं नाही.

बाहेर येऊन स्क्रीन पाहिली. कवटीच्या आत एका बाजूला जाड पांढरा पट्टा. रक्तस्राव. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

आजींना स्ट्रेचरवर घ्यायला आत गेलो, तर त्या आता हसत होत्या, घरी जायच्या घाईत. “काय दिखनं, भाऊ? घर जावा ना आते?”

“डॉक्टर येताहेत, ते सांगतील,” मी म्हणालो. दारात उभी सून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी चादर नीट करत बसलो.

डॉक्टर धावत आले, तोवर आजींची जीभ जड झाली होती. मेंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला न्यायचं ठरलं. अँब्युलन्स निघाली तेव्हा त्यांना हाकेला ओ देता येत नव्हती. पारोळ्याच्या पुढे वाटेतच त्या वारल्या, हे मला नंतर कळलं.

काही दिवसांनी सून फिल्म न्यायला आली. पाकीट हातात घेऊन म्हणाली, “तुम्हाला तेव्हाच समजलं होतं ना?”

मी मान डोलावली.

“नुसतं सांगितलं असतं, तर मी त्यांना माझं सांगून टाकलं असतं. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी रजिस्टर पुढे केलं, तिनं सही केली आणि ती गेली.

हल्ली असं काही दिसलं की मी डॉक्टरांना फोनवरच विनवतो, आधी नातेवाइकांशी दोन मिनिटं बोला. कधी त्यांना जमतं. कधी कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट असतो, आणि मी पुन्हा चादर नीट करतो.