जानकी लंकेला निघाली तेव्हा

आमच्या ग्रुपमधले किस्से इडलीच्या पिठासारखे फुगतात. चेन्नईच्या उकाड्यात अर्धं भांडं पीठ ठेवावं, तर सकाळी ते ओट्यावर ओघळलेलं असतं. गेल्या वर्षी आम्ही तिघी आयुष्यात पहिल्यांदा, घरच्यांशिवाय, पाठीवर बॅगा टाकून श्रीलंकेला जाऊन आलो. तेव्हापासून कॉलेजच्या कँटीनमध्ये कुणी नुसतं 'लंका' म्हटलं, की आमच्या कॉफ्या गार होतात.

तिघी म्हणजे एक मी, केतकी. बाबांच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीमुळे पुण्याहून इकडे येऊन पडलेली. दुसरी कायल, गुम्मिडिपूंडीची, अस्सल तमिळ आणि कायम भुकेलेली. तिसरी जानकी, तांबरमची, तंजावर मराठी. तिच्या घरचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जुनी पोथी आणि तमिळ बातम्या एकदम लावल्यात!

*

फिरायला आम्ही तिघी निघालो होतो, पण परीक्षा होती एकट्या जानकीची. तिला अहमदाबादला डिझाइन शिकायला जायचं होतं. ॲडमिशन मिळाली होती, तिच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, परवानगी मिळत नव्हती. शेवटी अप्पा म्हणाले, "आधी चार दिवस घराबाहेर राहून दाखव. मग बघूं."

कुठे जाणार ते कळलं तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठलेच. "लंकेला? जानकीला?"

आतून त्यांची थोरली बहीण ओरडली. या आत्याचा शब्द त्या घरात शेवटचा. "येकदा गेली होती, त्याला काय काय झालं, ठाऊक नाही कां रे तुला!"

*

अप्पांनी आधी रंगीत तालीम ठेवली. आम्ही भरलेल्या बॅगा पाठीवर घेऊन बसने चेन्नईजवळच्या कोवलमला जायचं, समुद्र बघायचा आणि परत यायचं. एकट्यानं! "मी येणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

बसमध्ये आमच्या मागे दोन सीट सोडून एक गृहस्थ डोक्याला मफलर गुंडाळून बसले होते. मे महिन्यात!

कंडक्टर आमच्याकडे आला. आम्ही तिकिटाला पैसे काढले, तर तो म्हणाला, "तुमची तिकिटं झाली. मागच्या सरांनी काढली." आणि मग हळूच, "ते म्हणाले, मी या मुलींना ओळखत नाही."

कोवलमला जानकी पाण्यात उतरली. पाणी घोट्याच्या वर गेल्याबरोबर मासेमारीच्या होडीआडून मफलर ओरडला, "पुरे!"

*

आता नावाची गंमत. इकडे बऱ्याच घरांत आडनाव लावत नाहीत, वडिलांचं नाव लावतात. त्यामुळे पासपोर्टवर आडनावाच्या जागी वडील येऊन बसतात. जानकीच्या अप्पांचं नाव हनुमंतराव. बुकिंग तिनं केलेलं. श्रीलंकेत समुद्राकाठच्या हॉस्टेलवर पोचलो, तर दारात पाटी, 'वेलकम, मिस्टर हनुमंतराव अँड फ्रेंड्स!'

मुलींच्या खोलीत दोन बेड होते. आणि मिस्टर हनुमंतरावांचा बेड पुरुषांच्या डॉर्ममध्ये, वरचा!

मॅनेजर तिथलाच तमिळ माणूस होता. त्यानं कपाळाला हात लावला आणि बेड बदलून दिला. पण नाव काही बदललं नाही. संध्याकाळपर्यंत अख्खं हॉस्टेल तिला 'हनुमंता' म्हणत होतं.

*

अप्पांची अट अशी की रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल करायचा. त्यांच्या कॅमेऱ्यात देवापुढचा दिवा छान यायचा. अप्पांचं मात्र फक्त कपाळ.

दुसऱ्या दिवशी कॉल चालू असताना बाहेरून एक डच मुलगी ओरडली, "हनुमंता! कम फास्ट! बिग वेव्हज!"

कपाळ एकदम ताठ झालं. "मला कोण बोलवतंय?"

जानकीनं खुलासा केला. अप्पांना तो पटला की नाही कळेना, पण त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग विचारलं, "पाणी किती आहे तिथं?"

"घोट्यापर्यंत, अप्पा."

तेवढ्यात ती डच मुलगी आत आली आणि पुरुषभर उंचीचा सर्फिंगचा बोर्ड जानकीच्या हातात देऊन गेली.

"घोटा मोठा दिसतोय," अप्पा म्हणाले.

*

आत्यानं आम्हाला बरोबर सांडगी मिरच्या दिल्या होत्या. परदेशात जेवण सपक मिळतं असं तिचं ठाम मत. श्रीलंकेत सपक! तिथली खोबऱ्या-मिरचीची चटणी, सांबोल, खाऊन कायलसारख्या कायलच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. पण आत्याचा शब्द मोडायचा कसा? जानकीनं हॉस्टेलच्या किचनमध्ये तेल तापवलं आणि सगळ्या मिरच्या एकदम टाकल्या.

किचनला लागून डॉर्म. आधी एक खोकला ऐकू आला, मग दहा. बघता बघता जर्मन, डच, ऑस्ट्रेलियन, सगळे टॉवेल आणि चड्ड्यांवर अंगणात! एक जण शिंकता शिंकता ओरडत होता, "हू डिड धिस?"

सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "हनुमंता!"

मॅनेजर डोळे पुसत तमिळमध्ये म्हणाला, "लंकेत हनुमंत आला म्हणजे एवढं तर होणारच."

*

मग आम्ही डोंगरात जायला रेल्वे पकडली. खिडकीतून चहाचे मळे, धबधबे वगैरे. कायलला दिसले कोळंबीचे वडे! एका छोट्या स्टेशनवर ती उतरली, आणि गाडी सुटली. तिचा फोन माझ्या बॅगेत.

मी रडायच्या बेतात. जानकी मात्र शांत. पुढच्या स्टेशनवर ती उतरली. मला म्हणाली, "तू बॅगा घेऊन डोंगरातल्या हॉस्टेलवर जा. मी तिला घेऊन येते." आणि टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, बसून गेलीसुद्धा.

मी हॉस्टेलवर पोचले आणि दिवेलागण झाली. डोंगरात जानकीच्या फोनला रेंज नाही, म्हणून अप्पांचा कॉल मला. "जानकी कुठं?"

थाप मारायची तयारी केली होती, पण ते कपाळ बघून जमेना. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, गेलं अहमदाबाद.

अप्पांनी फोन आणखी जवळ धरला. मग म्हणाले, "येकटी गेली?"

"हो."

"मला कसाला विचारलं नाही?"

"वेळच नव्हता, अप्पा."

त्यांनी कॉल बंद केला नाही. फोन तसाच देवापुढे ठेवला. मला दिवा दिसत होता, आणि त्यांचा अर्धा कान. मधे एकदा त्यांनी दिव्यात तेल घातलं.

शेवटी दारात टुकटुक थांबली. जानकी धावत आली, स्क्रीनवर कपाळ बघून जागच्या जागी उभी राहिली. बोलणी खायला मान खाली घातली.

अप्पांनी विचारलं, "कायल जेवली कां?"

मागून कायल ओरडली, "सहा वडे, अंकल!"

*

परत आलो त्या संध्याकाळची गोष्ट. तांबरमला जानकीच्या घरी आम्ही तिघी जमिनीवर बसलेलो, बॅगा अजून सोडलेल्याही नव्हत्या. अप्पा देवापुढे वात नीट करत होते. अहमदाबादचं नाव काढायची कुणाची हिंमत होत नव्हती. ती आत्यानंच केली.

"लंकेचं झालं. आतां अहमदाबादला येकटी पाठवणार कां रे? जानकीला लंकेला पाठवलंस तेव्हांच माझा जीव गेला होता!"

जानकीनं माझा हात घट्ट धरला.

अप्पांनी दिवा लावला. काडी विझवली. मग टेबलावरचा जानकीचा पासपोर्ट उचलून आत्यापुढे धरला.

"अक्का, चष्मा घालून नीट बघ. लंकेला जानकी गेलीच नव्हती. हनुमंत गेला होता. आणि हनुमंत परत येतो."