घोषालबाबूंसोबत एकाच दोरीत

माझ्या कमरेला बांधलेली दोरी पार्कच्या सेक्रेटरींच्या पोटाला वळसा घालून परत माझ्याकडे आली, तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलंय.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझा आरुष. तीन वर्षांचं पोर, पण अंगात वारं भरलेलं! तो आमच्या दोघांभोवती गोल गोल पळतोय, खिदळतोय, आणि मी बोंबलतेय, "आरुष, थांब! अरे थांब की मेल्या!" (निघतं हो तोंडातून. घाबरले की मला काही सुधरत नाही.) तो कसला थांबतोय! उलट ओरडतोय, "आई, आबार! आबार!" आबार म्हणजे परत एकदा. आमचं पोरगं रडतं मराठीत आणि मस्ती करतं बंगालीत.

आता तुम्ही म्हणाल, पोराला दोरी बांधते ही कसली आई? सांगते, सांगते, जरा दम घेऊ द्या.

आमचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि तेही चौथ्या मजल्यावर. नवरा सकाळी डबा घेऊन जातो तो रात्रीच उगवतो. कोलकात्यात माझं ना माहेर, ना सासर, ना कुणाशी धड बोलता येतं. दिवसभर मी आणि आरुष. दुपारपर्यंत त्याने पलंगावरून कपाटावर आणि कपाटावरून माझ्या डोक्यावर उड्या मारलेल्या असतात. संध्याकाळी समोरच्या पार्कात गेलो की दोघांनाही माणसात आल्यासारखं वाटतं. तिथे एका कोपऱ्यात ती फुकटातली व्यायामाची मशीनं बसवलीत ना, पिवळी-निळी, तो कोपरा म्हणजे आरुषचा स्वर्ग!

आणि त्या स्वर्गाच्या दारात घोषालबाबू.

घोषालबाबू म्हणजे पार्क कमिटीचे सेक्रेटरी. रिटायर माणूस. गळ्यात शिट्टी, आणि दिवाळी सरली की डोक्यात माकडटोपी. (मला घाम फुटलेला असतो आणि ते मफलर आवळत असतात!) मागे एक पोरगं चालायच्या मशीनखाली घुसलं, थोडक्यात डोकं वाचलं, तेव्हापासून त्यांनी ठरवलं की मशीनच्या कोपऱ्यात पोरंबाळं बंद. सगळ्या आया चिडल्या, पण त्यांच्याशी बोलायला कुणी पुढे होईना. शेवटी मला ढकललं. का तर म्हणे, "दीदी, तुम नया है, तुमको डाँटेगा नहीं."

डाँटा की! चांगलं झापलं. मग मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "दादू, मेरा बच्चा मेरे हाथ के बाहर नहीं जाएगा. बिलकुल नहीं जाएगा!"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ठीक है बोउमा. हम ट्रायल देगा. लेकिन एक भी गोलमाल हुआ, तो सब बच्चा बंद. सब!" (बोउमा म्हणजे सूनबाई.)

म्हणजे बघा, अख्ख्या पार्कातल्या पोरांचं नशीब माझ्या आरुषच्या पायात! मला रात्री झोप लागेना. हे पोर हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणजे कसं? मी काही फार शिकलेली नाही, आठवीत शाळा सुटली. पण शेळ्या भरपूर राखल्यात. आमचे दादा शेळीला अशी गाठ मारायचे की शेळीच्या पोटाला काच नाही, पण शेळीने कितीही ओढलं तरी सुटणार नाही. मी जुनी सुती साडी उभी फाडली, पीळ दिला, एक टोक आरुषच्या कमरेला, एक टोक माझ्या. वर दादांची गाठ. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की गॅसवरचं दूध उतू गेलं!

तर असे आम्ही मायलेक त्या कमर फिरवायच्या मशीनवर चढलो. मधे एक खांब, खांबाला धरायचं कडं, आणि खाली तीन गोल चकत्या. त्यावर उभं राहून कमर हलवायची. एका चकतीवर मी, एकीवर आरुष. तिसरी रिकामी. तेवढ्यात घोषालबाबू आले, शिट्टी मागे टाकली आणि तिसरीवर चढले. "गुड, गुड, भेरी गुड," म्हणाले. दोरी बघून तर इतके खूश झाले! "एई तो! डिसिप्लिन!"

त्यांच्या तोंडातून तो शब्द निघतोय तोच आरुष चकतीवरून उतरला.

पुढचं वर सांगितलंच. एक चक्कर घोषालबाबूंच्या मागून, एक माझ्या मागून. मी घाबरून माझं टोक खेचलं, तसे आम्ही दोघंही खांबाला चिकटलो. आरुष वाकून घोषालबाबूंच्या पोटाखालून खांबाच्या कड्यात घुसला आणि तिथेच अडकला. मी सोडवायला हात हलवला, की पायाखालची चकती फिरायची. पाय हावड्याकडे आणि तोंड सियालदाकडे! घोषालबाबूंचंही तेच.

"बोउमा! हिलो मत!"

"मैं नहीं हिलती दादू, मशीन हिलता है!"

"गाँठ खोलो!"

"वो नहीं खुलता! वो बकरी का है!"

त्यांनी मान वाकवून गाठीकडे बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "हमको बकरी का गाँठ में बाँधा?"

तोवर गर्दी जमली. आता इथली गर्दी म्हणजे काय सांगू, आपल्याकडे लोक आधी ओढायला लागले असते. इथे आधी चर्चा! एक आजोबा म्हणाले, दोघांना डावीकडून फिरवा. दुसरे म्हणाले, छे छे, उजवीकडून. लगेच दोन पक्ष पडले. कुणीतरी चहा मागवला! आणि मी मधे खांबाला चिकटलेली, नाकासमोर माकडटोपीचा गोंडा.

आणि एवढ्यात आरुषने श्वास आत ओढला, सुळ्ळकन खाली बसला, आणि दोरीतून निसटला! चड्डी मात्र दोरीतच राहिली, कड्यात घट्ट बोळा होऊन. पोरगं उघड्या ढुंगणाने घसरगुंडीकडे पसार! ज्याच्यासाठी बांधलं तो मोकळा, आणि आम्ही दोघं मोठी माणसं त्याच्या चड्डीसकट जेरबंद. मी किंचाळले, "पकडो! बच्चे को पकडो!" बायका धावल्या, त्यांनी त्याला उचललं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

तर फोन वाजला.

फोन माझ्या कुर्त्याच्या खिशात. माझे हात दोरीत. घोषालबाबूंचा एकच हात मोकळा. आधी ते लाजले, मी लाजले, पण फोन काही लाजेना, वाजतच राहिला. शेवटी त्यांनी डोळे मिटून तो काढला आणि कानाला लावला. नवराच! पलीकडून म्हणाला असेल, आज लवकर सुटलो, मेट्रोतून उतरलोय. घोषालबाबू शांतपणे म्हणाले,

"हाँ, सुनिए. आपका वाइफ इधर हमारे साथ बँधा हुआ है."

मग नवऱ्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, इतका तो ओरडला, "कौन हो तुम? क्या चाहिए तुमको?"

"कैंची!" घोषालबाबू म्हणाले आणि फोन कट झाला.

मी तर रडायलाच लागले. म्हटलं, झालं! नवरा पोलिस घेऊन येणार, पोरं पार्कातून हद्दपार, आणि मी उद्यापासून त्या चौथ्या मजल्यावर कपाटाखाली उभी! रडता रडता म्हणते, "दादू, मेरी गलती है, बच्चा लोग को मत निकालो." ते म्हणतात, "निकालेगा! सबको निकालेगा! पहले हम तो निकले!"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आल्या मासीमा, म्हणजे घोषालबाबूंच्या मिसेस. समोरच राहतात. हातात ही मोठी कात्री! मला वाटलं देवीच आली. पण त्या कापेनात. उभ्या राहून नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि हसायला लागल्या. हसताहेत, हसताहेत, डोळ्याला पदर लावून हसताहेत.

"काटो ना!" घोषालबाबू ओरडले.

"क्यों काटेगा? रोज शाम को बोलता है पाँच मिनट में आता है, दो घंटा नहीं आता. आज पहली बार एक जगह में मिला." मग कात्री हवेत कचकच वाजवून म्हणाल्या, "पहले बोलो. बच्चा लोग इधर आएगा कि नहीं?"

"ये टाइम है ये बात का?"

"यही टाइम है."

गर्दीतल्या डाव्या-उजव्या दोन्ही पक्षांचं इथे पहिल्यांदा एकमत झालं. सगळे मासीमांच्या बाजूने! बिचाऱ्या घोषालबाबूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चकती जराशी फिरली, आणि त्यांचं तोंड नेमकं माझ्याकडे आलं. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. काय वाटलं त्यांना कोण जाणे. "आएगा," म्हणाले. "सब आएगा. अभी काटो!"

कच्!

आया टाळ्या वाजवताहेत, आरुष कुणाच्या तरी कडेवरून "आबार! आबार!" ओरडतोय, आणि मी माझ्या साडीच्या दोरीचे तुकडे गोळा करतेय. तेवढ्यात नवरा आला. घामाघूम, शर्ट बाहेर, बरोबर दोन हवालदार! त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत मासीमांनी सगळ्यांना मुरमुऱ्यांची भेळ वाटली. हवालदारांनीही खाल्ली.

पण घोषालबाबू ते घोषालबाबू. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात नवीन नियम तयार. पोरांना परवानगी. आयांना परवानगी. फक्त आरुषच्या आईला मशीनवर बंदी! तिने बाकावर बसायचं. आणि लक्ष कुणी ठेवायचं? त्यांनी आरुषलाच जवळ बोलावलं, गालावर हात फिरवला आणि सांगितलं, "खोका, मा को मशीन के पास आने मत देना." (खोका म्हणजे बाळ.)

कधी नव्हे ते पोराने कुणाचं तरी ऐकलं! आता मी नुसता पाय मोकळा करायला उठले, तरी घसरगुंडीवरून ओरडत येतो, "आई, बोशो! खाली बश!" आणि अख्खा पार्क माझ्याकडे बघतो. तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? मुकाट्याने बसलाच असतात ना?