रंगावर आवळलेला बोल्ट

निवृत्त झाल्यावर मी शाळेची एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि तिच्यात संसार मांडला. मागची बाकडी काढून पलंग केला. लहानसा फ्रिज, पाण्याचा पंप, दिवे, पंखा असं सगळं बसवलं. त्यासाठी इंजिनाच्या बॅटरीशिवाय दुसरी एक बॅटरी टाकली. गाडी चालू असली की तीही आपोआप भरावी, अशी जोडणी केली. पुण्यातल्या कारखान्यात मी तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, त्यामुळं वायरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. रोज व्हिडिओ काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकायचो. "बघा, सगळं स्वतःच्या हातानं," असं प्रत्येक व्हिडिओत एकदा तरी म्हणायचो.

पहिल्याच मोठ्या फेरीला अक्काला न्यायचं ठरवलं. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वाशी तालुक्यातल्या आमच्या गावात लेका-सुनेपाशी राहते. आई रानात जायची, मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून अक्काची शाळा चौथीत सुटली. तिला सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जायचं होतं आणि तिथून उमरग्याला आमच्या मावशीकडं. गाडीत चढताना तिनं पायरीला हात लावून नमस्कार केला. तिची इन्सुलिनची डबी मी स्वतः फ्रिजमध्ये ठेवली आणि म्हणालो, "बघ, आता कसली चिंता न्हाय."

सोनारीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. एका लिंबाखाली गाडी लावली. अक्काचे गुडघे सुजले होते. ती म्हणाली, "तू दर्शन घेऊन ये, म्या जरा पाठ टेकते. उन्हं उतरल्यावर जाईन." मी देवळात गेलो. तासाभरानं परतलो तर फ्रिजचा लाल दिवा लुकलुकत होता. पंपाला पाणी चढेना. पंखा मात्र रखडत रखडत फिरत होता आणि त्याच्याखाली अक्का झोपली होती.

मी मीटर काढला. फ्यूज बघितले, बॅटरीच्या दोन्ही टोकांची पकड हलवून बघितली. सगळं ठीक होतं, फक्त बॅटरी उतरली होती. मला कारण सापडलं असं वाटलं.

"पंखा कवापासून चालू आहे?"

अक्का धडपडत उठली. "तू गेलास तवापासनं. लई उकडत होतं रे."

"तुला सांगितलं होतं ना, विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा न्हाय म्हणून? आता इन्सुलिन खराब झालं तर कुणाकडं बघायचं? अडाणी ती अडाणीच राहिलीस!"

शेजारी एका टेम्पोतून आलेल्या बायका चुलीवर स्वयंपाक करत होत्या. त्यातल्या एकीनं भाकरी थापता थापता हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. अक्कानं पदर सारखा केला. थोड्या वेळानं त्याच बायकांकडून एक लहानसं मडकं मागून आणलं, त्यात डबी ठेवली, वरून ओलं फडकं गुंडाळलं. मला म्हणाली, "घरी फ्रिज नव्हता तवा असंच ठेवत होते. काय हुत न्हाय त्याला."

त्या दिवशी ती दर्शनाला गेलीच नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरग्याला निघालो. चार तास गाडी चालली, तरी लाल दिवा लुकलुकतच होता. आज हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. पंख्यानं बॅटरी उतरली असती, तर चार तासांत ती थोडी तरी भरायला हवी होती. कारखान्यात नव्यानं लागलेल्या पोरालाही मी हेच शिकवलं असतं. पण माझा राग कालच्या कारणाला असा चिकटला होता, की दुसरं कारण शोधावंसं मला वाटलंच नाही. अक्का शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. घामानं पोलकं भिजलं होतं. मध्येच तिनं विचारलं, "ही काच खाली केली तर चालंल का?" काच हातानं फिरवायची होती. तिचा बॅटरीशी काही संबंध नव्हता. मी नुसती मान डोलावली.

उमरग्यात हायवेला ट्रकवाल्यांची गॅरेजं आहेत. एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीपुढं गाडी उभी केली. मिस्त्री पन्नाशीचा असेल. कानावर पेन्सिल, अंगात बनियन. अक्काला टपरीशेजारच्या चहाच्या बाकड्यावर बसवलं आणि मी मिस्त्रीला सांगायला लागलो. तीस वर्षांचा अनुभव, कुठली वायर किती जाडीची, बहिणीनं पंखा कसा चालू ठेवला, सगळं.

त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी किती चालवत आणली?"

"चार तास."

"मग पंख्याचं काय घेऊन बसलाव, साहेब?"

त्यानं मला इंजिन चालू करायला सांगितलं. जाड केबलचा एक तुकडा घेतला, एक टोक मागच्या बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. त्या क्षणी पंखा भरारला. फ्रिजनं गुरगुर सुरू केली. केबल उचलली की सगळं पुन्हा मंदावलं.

"अर्थिंगच लागंना," तो म्हणाला. बॅटरीची मायनसची वायर मी जिथं गाडीच्या पत्र्याला जोडली होती, तिथला बोल्ट त्यानं पान्यानं खोलला. वायरच्या टोकाखाली पत्र्यावर माझा निळा रंग तुळतुळीत चमकत होता. रंगातून वीज जात नाही, म्हणून गाडी चालूनही बॅटरी भरत नव्हती. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळायचा असतो, हे या धंद्यातलं अगदी पहिलं काम. गाडी चांगली दिसावी म्हणून मी आधी रंगवली होती, आणि मग खरवडायला मन झालं नव्हतं.

मिस्त्री हसला. चांगला मोठ्यानं हसला. "हे येड्यावाणी काम कुणी केलं, साहेब? रंगावर बोल्ट आवळलाय!"

मी म्हणालो, "पुण्यात एकाकडून करून घेतलं होतं."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं, की मला थांबायलाही वेळ मिळाला नाही. त्यानं पॉलिश पेपरनं पत्रा लखलखीत घासला, वायर पुन्हा आवळली, वर थोडं ग्रीस लावलं. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम.

गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर अक्कानं विचारलं, "सापडलं का रं काय ते?"

"व्हय," मी म्हणालो. "बॅटरी पार उतरली होती. आता जरा जपून वापर."

"बरं," ती म्हणाली.

मावशीकडं गेल्या गेल्या अक्कानं स्वतःच विषय काढला. "म्या काय केलं सांगू का? पंखा चालू ठेवून झोपले अन् ह्याच्या गाडीची बॅटरीच उतरवली." सगळे हसले. मीही हसलो. पुढं गावी गेल्यावर सुनेला तेच सांगितलं, दिवाळीला माझ्या बायकोला तेच. दर वेळी मी तिथं बसलेला असायचो, आणि दर वेळी लोक हसायचे थांबेपर्यंत फरशीकडं बघायचो.

अक्काच्या नातवाच्या बारशाला मी एक दिवस आधी गेलो. ती एकटीच स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. बोल्ट, रंग, मिस्त्रीला मारलेली थाप.

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "ठावं हाय मला. दहा पावलांवर तर बसले व्हते. त्यो मिस्त्री काय हळू बोलत व्हता व्हय?"

"मग तू सगळ्यांना तसं का सांगत होतीस?"

"तू कवा तोंड उघडतुस, ते बघत व्हते."

"चुकलो गं अक्का," एवढंच म्हणालो.

"माझ्यापाशी कशाला म्हणतुस? म्या तर तवाच ऐकलं. हसले त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मध्येच भाचा पाणी वाढायला आला, कुणी तरी भाजी मागितली. बायको माझ्याकडं बघत राहिली. मावशीला कमी ऐकू येतं, तिला दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागलं, "पंख्यानं न्हाय मावशी, माझ्या चुकीनं उतरली होती बॅटरी." ती म्हणाली, "मग तुला गं कशाला बोलला हा?" ते अक्काला उद्देशून होतं. अक्का पुढच्या पानावर वरण वाढत होती.

त्यानंतर मी तिला दोनदा विचारलं, सोनारीला जायचं का, तुझं दर्शन राहिलंय. पहिल्यांदा म्हणाली, गुडघे दुखतात. दुसऱ्यांदा म्हणाली, बघू. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता कळलं, की अक्का सोनारीला जाऊन आली. शेजारणींबरोबर, एसटीनं.