खुळखुळणारी पेटी

आमच्या समोरच्या दारातल्या गृहस्थांना सगळी इमारत मिलिमीटर म्हणते, आणि ते त्यांना ठाऊक आहे. वाईट वाटणं दूरच, उलट तो त्यांना किताब वाटतो. पाणीखात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. गावभरच्या नळांच्या रेषा त्यांनी कागदावर अशा देखण्या ओढल्या, की नळ कोरडा असला तरी नकाशा बघून तहान भागावी. घरचा नळ गळायला लागला की मात्र वहिनी प्लंबरला बोलावत, आणि हे त्याच्या पाठीशी उभे राहून पाना कसा धरायचा ते सांगत.

खिशात सदैव स्टीलची छोटी पट्टी. तुमच्या घरी आले की आधी भिंतीवरचं घड्याळ वाकडं असल्याचं सांगणार, मग बसणार. आणि बसले की बोलणार! वहिनींनी "काल बाजारात काय झालं..." एवढं म्हणायचा अवकाश, "काल नाही, परवा," म्हणून हे मध्ये पडलेच. मग तिथून बाजाराची जागा चुकली कशी, रस्ता अरुंद का, सगळं. वहिनींच्या बाजारात पुढे काय झालं, ते कधी कुणाला कळलंच नाही.

निवृत्तीनंतर त्यांना लाकडाचा नाद लागला. बाल्कनीत टेबल आलं, रंधा आला, पटाश्या आल्या, आणि वहिनींची कपडे वाळत घालायची दोरी गेली. कपडे आता बाथरूममध्ये वाळतात, म्हणजे वाळत नाहीत. एवढं करून वस्तू एकही तयार होईना. केसभर फरक दिसला की हे फळी फेकून देत. बाल्कनीत भुशाचा डोंगर आणि घरात साधी खुंटी नाही.

त्यात साडूंनी काडी टाकली. साडू म्हणजे वहिनींच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कापडाचं दुकान, मोठा आवाज, त्याहून मोठं पोट. त्यांनी बायकोला दागिन्यांची पेटी आणली होती, उघडली की गाणं वाजणारी. ती बघून वहिनी नुसत्या "छान आहे गं" म्हणाल्या. तो "गं" मिलिमीटरांच्या काळजात घुसला.

"छान काय त्यात? मशीनचा माल! आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी स्वतःच्या हाताने पेटी करून देणार आहे. कोपऱ्यात सांधा दिसला तर नाव बदलीन."

"कुठलं दादा, खरं की मिलिमीटर?" साडू म्हणाले. "आणि वाढदिवस ह्याच वर्षीचा ना? नाही, आपलं विचारून ठेवलं."

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या. मिलिमीटरांनी सागाची उत्तम फळी आणली आणि बाल्कनीत ठाण मांडलं.

आता अशी पेटी करायची एक रीत आहे. सहाही बाजू आधी चिकटवून पेटी पुरती बंद करायची, आणि सरस वाळला की वरच्या बाजूने चौफेर करवत फिरवून झाकण सुटं करायचं. म्हणजे झाकणावरच्या लाकडाच्या रेषा खालच्या रेषांशी तंतोतंत जुळतात. रीत उत्तम. फक्त बंद करण्याआधी आत एकदा डोकावायचं असतं.

मिलिमीटरांना वरच्या दातांची कवळी आहे. नाजूक काम करताना ते दातावर दात आवळतात, आणि एकदा त्यापायी ती तडकली होती. म्हणून कामाला बसताना ती काढून ठेवायची. पण ठेवणार कुठे? टेबलावर भुसा, कठड्यावर सरस. स्वच्छ जागा एकच, पॉलिश पेपरने आरशासारखी घासलेली: पेटीचं पोट. तिथे ठेवली. मग वरची फळी अशी बेमालूम बसली, की त्या आनंदात गृहस्थांनी सरस लावून शिकंजे आवळले.

संध्याकाळी शिकंजे सोडून पेटी उचलली. चारही कोपरे पाहिले. सांधा खरंच दिसत नव्हता, हे मी शत्रू असतो तरी कबूल केलं असतं. त्यांनी लाडाने ती कानाशी नेऊन हलवली.

खुळखुळ.

दुसरा कुणी असता तर शिव्या घालत करवत उचलली असती. पण करवत केसभर सरकली तर? आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू हातून बिनचूक उतरली होती. ते रोज पेन्सिलीने रेघ मारत, रोज खोडत. दात की पेटी, असा पेच होता, आणि ह्या माणसाने पेटी निवडली.

"कवळी दुरुस्तीला दिलीये," असं त्यांनी रुमालाआडून वहिनींना सांगितलं आणि तोंड मिटलं. लोकांची घड्याळं सरळ करणारा माणूस बोळक्या तोंडाने बोलणार कसा?

मिटलं ते मिटलंच. घरात कुकरची शिट्टी ऐकू यायला लागली. एकदा आमची ही तिकडे बसली होती, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "काल बाजारात काय झालं..." आणि सवयीने थांबल्या. मिलिमीटरांनी फक्त बोट वर केलं. वहिनी पुढे बोलल्या. छत्री दुकानात विसरली होती, परत गेल्या, तर ती तिथेच होती. गोष्ट एवढीच! पण ती संपवल्यावर बाई अशा खुलल्या, की ही घरी येऊन म्हणाली, "अहो, त्या चक्क सुंदर आहेत हो." हे माझ्याकडे रोखून का म्हणाली, ते सोडा.

पुढे धूळ पुसताना वहिनींनीही पेटी उचलली. खुळखुळ. रोज रात्री कवळी पेल्यात पडतानाचा तो आवाज त्यांनी इतकी वर्षं ऐकलेला होता. फक्त आमच्या हिला सांगितलं. हिच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि मला तर पोटच नाही.

वाढदिवसाला साडू सहकुटुंब हजर. पेटी पाहून त्यांचं तोंड क्षणभर उतरलं. मग त्यांनी ती उचलून चहूबाजूंनी फिरवली.

"दादा, झाकण कुठंय?"

मिलिमीटर छताकडे बघत होते.

"आत काहीतरी वाजतंय. गाणं भरलंय की काय? आणा ती करवत, मीच कापतो!"

साडू बाल्कनीत गेले आणि खरोखर करवत घेऊन आले. मिलिमीटरांच्या कपाळाला घाम सुटला. सांधाही जाणार, दातही दिसणार, आणि दोन्ही साडूच्या हातून! ते उठले, तोंड उघडलं, आणि रुमाल लावून पुन्हा मिटलं.

तेवढ्यात वहिनींनी पेटी काढून घेतली आणि पदराखाली धरली.

"ठेवा ती करवत. भेट माझी आहे."

"अहो ताई, पण उघडायला नको?"

"अजिबात नको. यांनी आजवर मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आत. बाहेर काढली की संपली."

मिलिमीटरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक आहे, हे त्यांना त्या घडीला कळलं, आणि ते मुकाट खाली बसले.

पुढे त्यांनी नवी कवळी करून घेतली, बोलणंही परत आलं. पेटी मात्र दिवाणखान्यात टीव्हीच्या वर आहे, न कापलेली. पाहुणे कोपरे बघून थक्क होतात. मिलिमीटर मग खुर्ची पुढे ओढून सागापासून सुरू करतात, रंध्यावर येतात, आणि वहिनींचं काही सांगायचं राहून गेलेलं असतं.

वहिनी उठतात. पेटी उचलतात, जणू धूळच पुसायची आहे, आणि एकदाच हलवतात.

लगेच ते म्हणतात, "हं, तू बोल."