मैदानावर न मावणारा रशिया

हजेरी घेऊन झाली की भूगोलाच्या बाई सरळ माझ्या खोलीत यायच्या आणि काही न विचारता फक्कीचं पोतं ओढायला लागायच्या. मी खेळाचा मास्तर. फक्की माझी. कबड्डीच्या, खो-खोच्या रेषा आखायला शाळा मला ती मोजून द्यायची आणि त्यातली निम्मीअर्धी बाई दर हिवाळ्यात रशियावर उधळायच्या. "अहो बाई, सामने तोंडावर आलेत!" मी ओरडायचो. त्या पोतं ओढता ओढताच म्हणायच्या, "सर, देश मोठा हाय. माझा इलाज न्हाई."

तुम्ही म्हणाल, नकाशा फळ्यावर काढता येत नाही का? येतो की. साऱ्या जगातले मास्तर फळ्यावरच काढतात. पण बाईंचं म्हणणं असं, की फळ्यावर काढला तर पोरांना रशिया आणि श्रीलंका सारखेच वाटतात. म्हणून त्या आधी मैदानावर भारत आखायच्या. अख्खा वर्ग मोकळेपणानं आत उभा राहील एवढा. परभणीच्या जागी एक खडा ठेवायच्या. मग त्याच मापानं वरच्या अंगाला रशिया सुरू करायच्या. "आपल्याला एक माप आन् दुसऱ्याला एक, असं करायचं न्हाई," हा त्यांचा कायदा.

आता परभणीजवळच्या आमच्या मानवतच्या शाळेचं मैदान ते केवढं! मॉस्को झेंड्याच्या खांबापाशी यायचं, उरल पर्वत माझ्या कबड्डीच्या मैदानातून आडवा जायचा आणि बैकल सरोवरापाशी शाळेचं तारेचं कुंपण लागायचं. निम्मा देश अजून शिल्लक! दुसरं कुणी असतं तर माप लहान केलं असतं. बाईंनी पदर खोचला, तार वर उचलली आणि पोरांना खालून पलीकडं काढलं. पलीकडं नामदेवकाकांचं कापसाचं रान. तेव्हापासून सैबेरियाचा पूर्वेकडचा भाग काकांच्या शेतात गेला आणि टोकाचं शेपूट, म्हणजे कामचाटका, त्यांच्या विहिरीपाशी.

काका भला माणूस, पण पिकाच्या बाबतीत कडक. एका वर्षी ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, यंदा कापूस चांगला हाय. आनखी एक येचणी ठेवायलो. तुमचं ते काय, कामचाटका, जरा तिकडं सरकवा."

"काका, देश सरकवता येत न्हाई."

"मंग पोरं माझी पऱ्हाटी मोडतेत त्याचं काय?"

बराच वेळ बोलणी झाली. शेवटी ठरलं, की कामचाटका बांधाबांधानं वर उत्तरेला वळवायचा. त्या वर्षीच्या आमच्या पोरांनी परीक्षेतही रशियाचं शेपूट तसंच वाकडं काढलं. मुख्याध्यापक बाईंवर लय तापले. बाईंनी मान्य केलं, की चूक झाली, आणि पुढच्या वर्षी कापूस निघेपर्यंत थांबल्या.

पण काकांशी त्यांचं जमलं ते जमलंच. काका बांधावर बसून धडा ऐकायचे आणि मधेच विचारायचे. सोविएत संघ फुटला तेव्हा बाई नोकरीला नवीनच होत्या. आदल्या वर्षी आखलेला मोठा देश त्यांनी पुन्हा आखला, मग खराटा घेतला आणि कडेकडेचे तुकडे एकेक करून वेगळे केले. काका बघत होते.

"वाटणी झाली म्हणा की."

"हौ काका. पंधरा वाटे झाले."

"थोरल्याला काय मिळालं?"

"जमीन सगळ्यात जास्त. आन् वरच्या पंचायतीतली खुर्ची." मग बाईंनी वर्गातून पाच खुर्च्या आणवल्या, पाच पोरं बसवली आणि बाकीच्यांना भोवती उभं केलं. "जगाची पंचायत भरली की ह्या पाचातला एक जरी न्हाई म्हणला, तरी सगळ्यांचं अडतं. त्यातली एक खुर्ची ह्याची."

काकांनी मान हलवली. "वाटणी होऊनबी वट ऱ्हायला म्हणायचा." एवढ्या एका वाक्यात सुरक्षा परिषद मला कळली. त्याआधी पेपरात वाचूनही कळलेली नव्हती, खोटं कशाला बोलू.

नद्यांचा खेळ तर पोरं जीव टाकून खेळायची. ओब, येनिसेई आणि लेना या तीन नद्या बाई फक्कीत कपड्याची नीळ कालवून काढायच्या. उन्हाळ्यात नदी ओलांडायची नाही, पूल असेल तिथूनच जायचं. मग बाई टाळी वाजवून ओरडायच्या, "हिवाळा आला!" की सगळा वर्ग किंचाळत नद्यांवरून धावत सुटायचा. "येनिसेई दगडासारखी गोठती बरं का! वरून ट्रक जातेत ट्रक!" बाईसुद्धा साडी सावरत मागून धावायच्या. आता सांगूनच टाकतो. यातली एक गोष्ट चुकीची होती. ती आम्हाला फार उशिरा कळली आणि तिच्याचसाठी मी हे लिहायला बसलोय.

धडा संपला की बाई हात झटकून म्हणायच्या, "पोरांनो, हे सगळं ऐकीव हाय. मी बघितलेलं न्हाई. तुमच्यातलं कुणी तिथं जाऊन उभं ऱ्हायलं, तर माझं काय चुकलं ते मला येऊन सांगा. मला वाट बघायला लावू नका." पोरं फिदीफिदी हसायची. मानवतहून कोण जातंय रशियाला! इथून माणूस लांबात लांब जातं ते पुण्याला. पण बाई थट्टा करत नव्हत्या. आपण चुकीचं शिकवलं असेल तर, याची त्यांना खरोखर फिकीर असायची. निवृत्त होताना झालेल्या समारंभातही त्यांनी तेच सांगितलं. हार गळ्यात आणि वर म्हणतात, "चुकलेलं कुणीतरी सांगा."

आणि गेलं कोण? माझीच लेक.

वैष्णवी बाईंच्या शेवटच्या वर्गांतली. डॉक्टर व्हायचं खूळ लहानपणापासून. नीटला मार्क कमी पडले आणि तिनं परस्पर क्रास्नोयार्स्कचं कॉलेज शोधून काढलं. सैबेरियात, ऐन येनिसेईच्या काठी! इकडं टीव्हीवर रोज लढाई. रशियानं युक्रेनमध्ये फौजा घातलेल्या, पडलेल्या इमारती, रडणारी माणसं. घरात तिची आई रडून बेजार. मी तर सरळ नाही म्हटलं. एकुलती पोर तोफेच्या तोंडी द्यायची का? पोरीनं जेवण सोडलं. मग मी तणतणत बाईंच्या घरी गेलो. हा सगळा त्यांचाच उद्योग, असं मला वाटत होतं.

"तुमी नादाला लावलं तिला. आता तुमीच सांगा, कसा हाय तुमचा देश?"

बाईंनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "सर, धाकट्याच्या वाट्यात घुसलाय तो. वाईट केलंय. मला त्याची लांबी-रुंदी आवडते, त्या नद्या आवडतेत. त्यानं केलेलं सगळं आवडावं असं थोडंच हाय? त्याच सैबेरियात राजानं माणसं डांबली, राजा गेल्यावर नव्या लोकांनीबी डांबली. उपासमारीनं गावंच्या गावं मेली. हे मी पोरांना कधी लपवलं न्हाई."

"म्हणजे पाठवू नको?"

"ते भूगोल सांगत न्हाई. भूगोल एवढंच सांगतो, की लढाई चाललीय तिथून तुमच्या पोरीचं गाव परभणी ते दिल्लीच्या तिपटीहून लांब हाय. थंडी लय वाईट. पण तिथंबी आया पोरं वाढवतेतच की. भीती वाटायलीय का? वाटू द्या. मलाबी वाटायलीय. पण पोर भिलेली न्हाई. आपली भीती तिच्या गळ्यात कशाला बांधायची?"

मला वाटलं होतं, त्या रशियाची बाजू घेतील आणि मला भांडायला तरी मिळेल. एकटी बाई, उभं आयुष्य त्या देशावर जीव लावलेला, आणि तोंडातून एक शब्द वाढवून नाही. त्या दिवशी बाईंबद्दल मला जो आदर वाटला, तो आजवर कुणा पुढाऱ्याबद्दल वाटला नाही. घरी आलो आणि पोरीला म्हटलं, बॅग भर.

निघायच्या आधी वैष्णवी पाया पडायला गेली. बाईंनी तिला गृहपाठ दिल्यासारखं बजावलं, "येनिसेई गोठली की वर उभी ऱ्हा आन् मला सांग. चुकलेलं असलं तर आधी ते सांग. मला वाईट वाटंल म्हणून गप बसायचं न्हाई. शपथ हाय."

त्याच हिवाळ्यात बाईंच्या छातीत दुखलं. परभणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी दुपारी भेटायला गेलो, तर कॉटवर उशीला टेकून बसलेल्या. शेजारी त्यांची भावजय संत्रं सोलत होती. तेवढ्यात वैष्णवीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन बाईंच्या पुढं धरला.

पडद्यावर आधी नुसती टोपी आणि कोट दिसला. आतून माझ्या पोरीचा आवाज आला. "बाई, मी काठावर उभी हाय. येनिसेई बघा." तिनं फोन फिरवला. चारी बाजूंना बर्फ, झाडं पांढरीफक, आणि मधून काळंशार पाणी वाहत होतं. पाण्यावरून वाफा निघत होत्या.

बाई पुढं वाकल्या. "गोठली न्हाई?"

"न्हाई बाई. गावाच्या वर मोठं धरण हाय. धरणाच्या तळातलं जरा उबदार पाणी सोडतेत, ते इथं गोठतच न्हाई. लय लांब, खाली गेल्यावर गोठती. मी सगळ्यांना विचारलं. म्हातारी माणसं म्हणतेत, धरणाच्या आधी गोठायची."

मला पोरीचा असा राग आला! दवाखान्यात पडलेल्या बाईंना हे सांगायची ही वेळ होती का? "हो, गोठली" म्हणून मोकळं व्हायचं ना! मी फोन ओढून घेणार, तर बाईंनी माझं मनगट धरलं. आणि त्या हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या. भावजय घाबरली.

"अगं बाई गं, धरण! मी शंभरदा येलदरीचं धरण बघून आले. तिथंबी कुणी बांधलं असंल, हे सुचलंच न्हाई मला! शाब्बास गं माझी वाघीण. बघितलंस. उभी राहून बघितलंस." मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "सर, एवढ्या पोरांना पळवलं मी तिच्यावरून. बुडाली असती की सगळी."

"बाई, खेळ होता तो."

"शिकवलं ते शिकवलं. त्यांना सांगितलं पाहिजे. तुमाला सगळी भेटतेत, बाजारात, स्टँडवर. तुमी सुरू करा. मी बरी झाले की उरलेल्यांना मी सांगते."

मी हो म्हटलं. आजारी माणसाला हो म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी शाळेत नववीच्या वर्गात जाऊन मात्र सांगून आलो. ती पोरं बाईंनी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. खेळाच्या मास्तराला काय झालं, म्हणून बघत राहिली.

बाई घरी आल्याच नाहीत.

मानवतच्या स्मशानात एवढी माणसं मी पाहिली नव्हती. व्यापारी होते, पोलीस होते, पालमसारख्या सासरच्या गावाहून आलेल्या लेकी होत्या. नामदेवकाकांना नातवानं धरून आणलं होतं. बाकी सगळी बाईंची पोरं. चिता पेटली आणि मी सगळ्यांवरून नजर फिरवली. ही सगळी इथंच आहेत. उद्या पांगतील. मग मी कुणाकुणाला कुठं शोधू?

शेजारी एसटीचा कंडक्टर होता, ड्यूटीवरून तसाच खाकीत आलेला. मी त्याचा दंड धरला.

"अरे, येनिसेई गोठत न्हाई. त्या क्रास्नोयार्स्क गावापाशी. वर धरण हाय. बाईंचा निरोप हाय, सगळ्यांना सांगायचा."

तो माझ्याकडं वळला. "खरं सर? कुणी बघितलं?"

"वैष्णवीनं. काठावर उभी ऱ्हाऊन."

"बाईला कळलं होतं का हे?"

"कळलं होतं. हसल्या. म्हणल्या, सगळी पोरं बुडाली असती."

त्याच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तो रडायला लागला. बाहीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि पलीकडच्या माणसाच्या कानाशी वाकला. "ए, ऐकलं का? बाईनं सांगितलंय. येनिसेई गोठत न्हाई." त्या माणसानं मान वळवली आणि आपल्या शेजारणीला सांगितलं.