गाडीला वढ न्हाय: सांगवी ते इंदापूर, चिडत चिडत

सांगवीतून निघतानाच माझं डोकं फिरलेलं होतं, तेव्हा हे वर्णन तिखट लागलं तर लागू दे. मामानं गाडी विकायला काढली होती. इंदापूरला गिऱ्हाईक थांबलेलं, दुपारी चावी त्याच्या हातात द्यायची. सुट्टीला म्हणून आले आणि या यात्रेत मागच्या सीटवर जाऊन बसले. सीट पण अर्धीच. उरलेली अर्धी मामीनं भाजीच्या क्रेटसाठी कधीच काढून टाकलीय.

कारण गाडी मामी चालवते. ढोबळी मिरची, दोडका, सगळं ती स्वतः बारामतीच्या बाजारात नेते. मामाला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे अजून पटलेलं नाही. गाडी गेली की मामी पुन्हा शेजाऱ्याच्या पिकअपची वाट बघत बसणार, आणि मिरची तोवर मान टाकणार. पण विकायचं ठरवलं कुणी, तर मामानं. का, तर "गाडीला वढ न्हाय." वढ म्हणजे ओढ, जोर.

बारामतीत गॅरेजला थांबलो. मीच हट्ट केला, शेवटचं दाखवू म्हणून. मिस्त्रीनं चावीसाठी हात पुढं केला तो मामापुढं. मामानं मामीकडं बोट दाखवलं.

"वैनी चालवत्यात व्हय?" मिस्त्री हसला. "तरीच."

मामीनं चावी त्याच्या हातात टेकवली. मिस्त्रीनं जागेवरच इंजिन चालू केलं, कान दिला, बंद केलं.

"तात्या, टर्बो गेलाय. देऊन टाका कुणाला तरी."

"जोर नक्की कधी जातो, ते तरी विचारा," मी म्हटलं.

"ताई, तुमी सावलीत बसा."

मी पुण्यात ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करते. सावलीत बसायला नाही करत. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा. त्याच्या आधी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, विजेवर चालणारा. इंजिनच्या पंपाची ओढ, म्हणजे हवा शोषण्याचा जोर, बारीक नळीतून त्याच्याकडे येते, आणि तो ती हवी तेवढी टर्बोला पोचवतो. ओढ पोचली नाही की टर्बो धडधाकट असून झोपून राहतो. चावी फिरवून व्हॉल्व्हला कान लावला. टिकटिक येत होती, पण मला ती मरगळलेली वाटली. नुसती वाटली, आणि तेवढ्यावर मी पलीकडच्या दुकानातून नवा व्हॉल्व्ह आणून बसवला. तोवर मामा-मामींनी भजी खाल्ली. माझ्या वाट्याला गार झालेली दोन आणि मिरची.

आणि गाडी पळाली की! कालव्याच्या कडेनं, उसाच्या ट्रॉल्यांना मागं टाकत. मी मागून पूर्ण भाषण दिलं, टर्बो म्हणजे काय, मिस्त्री कसे असतात. मामा आरशातून बघत होता.

लासुर्णे मागं पडलं आणि गाडी बसली. काळा धूर, बैलगाडीची चाल. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून पुढं गेला. माझं भाषण तिथंच संपलं.

एका गोठ्यापुढं थांबलो. गोठ्याच्या मालकीणबाई, सगळे त्यांना आक्का म्हणत होते, दूध काढायचं मशीन धूत होत्या. त्यांनी पाणी दिलं, वर विचारलं, "गाईगत पान्हा चोरला का गाडीनं?" मला एवढा राग आला होता की हसूही येईना.

तेव्हा मामी बोनेटला टेकून बोलली. "गार असली की वढती. तापली की बसती. कधीची सांगतीय. कुणी ऐकतंय व्हय?"

बारामतीत गाडी पळाली ती माझ्या व्हॉल्व्हमुळं नव्हतीच. मी व्हॉल्व्ह बदलेपर्यंत इंजिन गार झालं होतं, म्हणून.

मग तापलेलं इंजिन चालूच ठेवून तपासलं. व्हॉल्व्हला येणारी नळी काढून तोंडाला बोट लावलं. काहीच नाही. पंपापाशी लावलं, तर बोट चिकटून बसलं. म्हणजे पंप ठीक, आणि व्हॉल्व्ह जुनाही ठीकच असणार. गडबड मधल्या नळीत. इंजिनच्या मागून हात घालून, चटका खाऊन ती ओढून काढली. काळी नळी, मधोमध चपटी झालेली, शिजलेल्या शेवईसारखी मऊ.

"ही गाडीची नाहीच. ठिबक सिंचनाची आहे," मी म्हटलं.

मामा गाईंकडं बघायला लागला.

"अवो, तुमाला इचारतीय ती," मामी म्हणाली.

"रबरी नळी उंदरानं कुरतडली व्हती," मामा गाईंना सांगत होता. "वांग्याच्या वाफ्यातली घातली. बसली बी नीट. ठिबकनं काय अडतंय?"

इंजिन तापलं की प्लास्टिक मऊ पडायचं आणि पंपाच्या ओढीनं आतल्या आत मिटायचं. आणि हा माणूस टर्बो गेला म्हणून गाडी विकायला निघाला होता. मामी त्यावर जे बोलली ते इथं लिहीत नाही.

आक्कांनी दूध मशीनची जुनी रबरी नळी दिली. ओढीसाठीच बनवलेली, जाड. तोंडाला सैल होती, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेनं आवळली.

निमगाव केतकीचे पानमळे (विड्याच्या पानांच्या बागा) कधी आले कळलं नाही. गाडी तापली आणि पळतच राहिली. मी भाषण दिलं नाही.

इंदापूरला गिऱ्हाईकानं गाडी फिरवून आणली. "वढ तर झ्याक हाय. इकताय कशाला?" त्यानं अर्थात मामाला विचारलं.

मामानं मान खाजवली. "मला न्हाय. चालवती ती, तिला इचारा."

"इकायची न्हाय," मामी म्हणाली आणि चावीसाठी हात पुढं केला.

मग आम्ही तळलेली चिलापी (उजनीच्या पाण्यातला मासा) खाल्ली, बोटं भाजेपर्यंत. येताना उन्हं कलली होती. राग गेला म्हणावं तर नव्हता गेला. इतके महिने गाडीच्या दुखण्यावर सगळे बोलले, आणि जिच्या पायाखाली ते रोज होतं तिला एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा व्हॉल्व्हलाच कान लावला.

बारामती आली तसा मामा मागं वळला. "ती नळी टाकलीस का गं?"

"का?"

"दे हिकडं. वाफ्याला लावतो परत. तितं तापत न्हाय."

मामीनं गिअर बदलला आणि गाडी गॅरेजवरून न थांबता पुढं काढली.